केराबाईंच्या गाडीतला नागमोडी दिवा

केराबाईंना गाडी चालवता येत नाही. गाडी कशी चालवावी हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि ते त्या चालवणाऱ्याला सोलापूरपासून बाजाराच्या गावापर्यंत सांगत राहतात. डावीकडच्या सीटवर मांडी घालून बसायचं, टोलनाका दिसला की पट्टा छातीवर ओढून हातानं धरायचा, टोलनाका गेला की सोडून द्यायचा, आणि उरलेला सगळा वेळ ड्रायव्हरच्या पायांकडे बघायचं, अशी त्यांची बैठक. वय साठीच्या आसपास. अंगानं काटक, आवाजानं दणकट.

विजापूर रस्त्याला सोरेगावात त्यांचं पत्र्याचं घर आहे आणि घरापेक्षा मोठं मेंढरांचं वाडगं. मूळ गाव सांगोल्याच्या बाजूला. नवरा मायाप्पा अजून तिकडेच कळपामागे असतो. घरातले निर्णय त्याला फोनवरून कळवले जातात. विचारायची पद्धत नाही. केराबाईंचा धंदा सरळ आहे. गावोगावच्या कळपांतून मेंढरं उचलायची, काही दिवस वाडग्यात ठेवून त्यांना माणसांत आणायचं आणि मोहोळ, बार्शी किंवा अक्कलकोटच्या बाजारात उभं करायचं. त्यांच्या मालाची एक ख्याती आहे. केराबाईंचं मेंढरू लंगडत नाही.

यामागे मोरचूद आहे. मेंढराच्या खुरात सड लागली की मोरचुदाचे निळे खडे पाण्यात विरघळवतात आणि जनावराला त्या पाण्यात उभं करतात. हे धनगराच्या घरात कुणालाही सांगावं लागत नाही. अडचण एवढीच की प्रत्येक मेंढराला धरून, ओढून, पाण्यात उभं करून, ते बाहेर उडी मारणार नाही याची काळजी घेत बसावं लागतं. केराबाईंनी यावर स्वतःचा तोडगा काढला. गाडीच्या मागच्या हौद्यात गोणपाट अंथरायचं, त्यावर मोरचुदाचं पाणी बादलीनं ओतायचं आणि मग मेंढरं चढवायची. बाजार येईपर्यंत सगळ्या कळपाचे पाय औषधात. धरायला माणूस लागत नाही आणि वेळही वेगळा जात नाही. "लोकं मेंढरू डाक्टरकडं न्हेत्यात, मी डाक्टरवरच हुबं करते," असं त्या बाजारात सांगत, आणि ऐकणाऱ्याला हसू आलं नाही तर पुन्हा सांगत.

गाडी जुनी, डबल केबिनची पिकअप. पहिला मालक पुण्याचा. डोंगरात जाऊन तंबू ठोकायच्या हौसेनं त्यानं ती घेतली होती. मागच्या काचेवर बर्फाच्या डोंगराचं चित्र अजून चिकटलेलं आहे. आता मागच्या सीटवर लहान कोकरं बसतात आणि खिडकीतून बाहेर बघतात. हौसेची गाडी असल्यामुळे साध्या मालवाहू पिकअपमध्ये नसतात अशा बऱ्याच गोष्टी तिच्यात आहेत. चाक घसरायला लागलं की ते ओळखून ब्रेक आपोआप सांभाळणारी यंत्रणा ही त्यातलीच एक. केराबाईंना तिचा पत्ता नव्हता. ती काम करत होती तोवर पत्ता लागायचं कारणही नव्हतं.

गाडी चालवतो बिरुदेव. केराबाईंच्या नणंदेचा, बजाबाईचा मुलगा. बजाबाई केम गावी असते. हा आयटीआय अर्धवट सोडून मामीकडे आला, वाडग्याशेजारच्या खोलीत राहिला आणि गाडीला लागला. केराबाईंची मुलगी सोनाली एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते. नात्यानं बिरुदेवच्या मामाची मुलगी, म्हणजे रिवाजानं त्याचा पहिला हक्क. पण इथे रिवाजाला कुणी कामाला लावलं नव्हतं. दोघांचं आपापसात आधीच ठरलं होतं आणि घरच्यांना ते आपण ठरवलं असं वाटत होतं. फक्त सुपारी फुटायची राहिली होती.

अशात एके दिवशी बार्शीचा बाजार करून येताना वैरागच्या पुढे गाडीच्या डॅशबोर्डवर एकदम तीन दिवे लागले. एक लाल, गोलात उद्गारचिन्ह. एक पिवळा, त्यात इंग्रजी अक्षरं. आणि तिसरा, पिवळाच, त्यात एक छोटी गाडी आणि तिच्यामागे चाकांच्या दोन नागमोडी रेघा.

केराबाईंना अक्षरं वाचता येत नाहीत. त्यामुळे पहिले दोन दिवे त्यांनी सोडून दिले. तिसरा वाचला.

"ह्ये काय रं?"

बिरुदेवनं सांगितलं की गाडी घसरायला लागली की हा दिवा लागतो.

"मग आत्ता घसरतीय व्हय?"

"न्हाय, मामी."

"मग का लागलाय?"

बिरुदेवकडे याचं उत्तर नव्हतं, म्हणून तो गप्प बसला. ही त्याची चूक झाली. केराबाईंच्या हिशेबात गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो. जनावरही दुखणं असलं की गप्पच बसतं. चित्र तर उघड होतं. वाकडीतिकडी गाडी कोण चालवतं? सोलापूर जिल्ह्यात याचं उत्तर शोधायला पुस्तक लागत नाही. घरी पोचेपर्यंत त्यांनी पुरावेही जमवले. आदल्या रात्री बिरुदेव मित्राच्या हळदीला गेला होता. जेवण झालं की तो बडीशेप खातो. सरळ माणसाला बडीशेप कशाला लागते? वाडग्याच्या फाटकाशी उतरल्यावर त्यांनी त्याचं तोंड हुंगलं. वास फक्त कांद्याचा आला, पण कांदाही लोक वास मारायलाच खातात, असं त्यांचं म्हणणं पडलं.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. गाडीनं स्वतः सांगितलंय की पोरगा पितो. दिवा विझू दे, मग सुपारीचं बघू. बजाबाईला केमला फोन गेला. मायाप्पाला कळवण्यात आलं.

सोनाली आईला ओळखून असल्यामुळे भांडली नाही. तिनं एकच शंका काढली. गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला देऊन बघू, दिवा विझतो का. केराबाईंना हे पटलं. शेजारच्या शिवप्पाला बोलावून वाडग्यापासून हमरस्त्यापर्यंत गाडी नेऊन आणायला लावली. तिन्ही दिवे जसेच्या तसे.

"बग आई," सोनाली म्हणाली.

"त्यो बी पितो," केराबाई म्हणाल्या.

शिवप्पानं मान खाली घातली, कारण हे खरं होतं. चाचणी तिथेच फसली.

आता दिवा विझवणं ही बिरुदेवची जबाबदारी झाली. त्याला लग्न करायचं होतं, आणि लग्नाच्या आड हुंडा, पत्रिका किंवा भाऊबंद न येता गाडीचा एक दिवा आला होता. त्यानं सोप्यापासून सुरुवात केली. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघितलं. होता. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघितली. भरलेली होती. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बघितले. अजून चालतील असे होते. ब्रेकच्या पेडलपाशी एक छोटं बटण असतं, ज्यानं मागचा दिवा लागतो. तेही बदललं. काही फरक नाही. दर वेळी तो चावी फिरवायचा, तिन्ही दिवे लागायचे, इंजिन सुरू व्हायचं, आणि दिवे त्याच्याकडे बघत राहायचे. वाडग्यातून केराबाईही.

शेवटी गाडी एमआयडीसीतल्या एका मोठ्या वर्कशॉपात गेली. तिथल्या माणसानं मशीन जोडून सांगितलं की मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर मुका झालाय. प्रकार असा. प्रत्येक चाकाच्या आतल्या अंगाला एक दातेरी कडं असतं. चाक फिरलं की कडं फिरतं आणि त्याच्यासमोर बसवलेला बोटाएवढा सेन्सर दाते मोजतो. चारही चाकांची मोजणी सारखी आली तर गाडी सरळ चालली आहे. एखाद्याची मोजणी अडली तर ते चाक घसरतंय, आणि मग गाडीचं डोकं त्या चाकाचा ब्रेक सैल करतं. एक सेन्सरच मुका झाला तर या डोक्याला काही कळत नाही. मग ते तिन्ही दिवे लावतं आणि हात वर करतं. साधा ब्रेक लागतो. पण रिकाम्या गाडीचं मागचं चाक अडकू नये म्हणून जी मदत असते ती मिळत नाही.

नवा सेन्सर बसला, दिवे विझले. बिरुदेवनं हे सगळं मामीला समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तू पिणं सोडलंस हे चांगलं केलंस. केमला निरोप गेला, येत्या अमावास्येनंतर या.

अमावास्येच्या आधी अक्कलकोटचा बाजार आला. परतताना वळसंगच्या पुढे तिन्ही दिवे पुन्हा लागले.

केराबाईंनी दिव्याकडे बघितलं, मग बिरुदेवकडे.

"परत सुरू केलीस व्हय?"

केमला दुसरा निरोप गेला, थांबा. वर्कशॉपवाल्यानं या खेपेला मशीन लावून बराच वेळ मान हलवली आणि सांगितलं की सेन्सर नवाच आहे तेव्हा दोष पुढच्या मुख्य युनिटमध्ये असणार. ते युनिट पुण्याहून मागवावं लागेल. त्याची किंमत ऐकून बिरुदेव गाडी घेऊन निघाला तो थेट अक्कलकोट रस्त्यावर विरेशच्या शेडमध्ये थांबला.

विरेश ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. गाड्यांची वायरिंग दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि मालकांची काळजी दुरुस्त करणं हा त्याहून मोठा धंदा. गाडीत एखादा दिवा लागला की माणसाला झोप येत नाही. दोष काढायला खर्च येतो, दिवा काढायला येत नाही. दक्षिण सोलापुरातले अनेक लोक विरेशमुळे शांत झोपतात. दिव्याचा बल्ब काढून टाकणारे अडाणी असतात, असं त्याचं मत आहे. चावी फिरवल्यावर सगळे दिवे एकदा लागायला हवेत, नाहीतर बघणाऱ्याला संशय येतो. विरेश नको असलेल्या दिव्याची तार तोडतो आणि ती इंजिन ऑइलच्या दिव्याला जोडतो. चावी फिरवली की दोन्ही लागतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझतात. निरोगी गाडीसारखं दिसतं. नव्या गाड्यांत हे जमत नाही. केराबाईंची गाडी जुनी, तिच्यात प्रत्येक दिव्याला वेगळी तार होती.

विरेशनं एक गोष्ट बजावली, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं. ब्रेक लागेल, पण गाडीचं डोकं झोपलेलंच राहणार. ओल्या रस्त्यावर जपून.

"सुपारी फुटेपर्यंत चालू दे की," बिरुदेव म्हणाला.

"लगीन म्हनून आलेलं तू पहिला न्हाईस की बिरू," विरेश म्हणाला आणि डॅशबोर्डचे स्क्रू काढायला बसला.

दिवे विझले. केराबाईंनी दोन बाजार डोळ्यांत तेल घालून बघितलं. चावी, तीन दिवे, इंजिन, अंधार. त्यांनी बजाबाईला तिसरा निरोप पाठवला, तयारीला लागा. एका रविवारी सोनाली मावशीकडे जायला त्याच गाडीतून मोहोळपर्यंत गेली. मागच्या सीटवर कोकरांशेजारी बसून तिनं बिरुदेवला विचारलं की शेवटी काय निघालं होतं. त्यानं सांगितलं, बारीकसंच होतं.

पुढच्या मोहोळच्या बाजाराहून येताना गाडी जवळजवळ रिकामी होती. मागे फक्त न विकले गेलेले दोन मेंढे. हमरस्त्यावर दुभाजकातल्या कण्हेरीला पाणी घालणारा टँकर उजव्या लेनमध्ये उभा होता. असे टँकर नेहमी उजव्या लेनमध्येच उभे असतात आणि त्यांच्या मागे लावलेलं लाल फडकं टँकर दिसल्यानंतर दिसतं. पाणी झाडांपेक्षा रस्त्याला जास्त मिळालं होतं. दुभाजकातली माती वाहून येऊन डांबरावर चिखलाची पातळ साय धरली होती. बिरुदेवनं ब्रेक दाबला. मागची चाकं जागच्या जागी अडकली. गाडीचा मागचा भाग आधी डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि टँकरला वळसा घालून गाडी उभी राहिली तेव्हा तिचं तोंड मोहोळकडे होतं. मागून येणारा एक ट्रक बराच लांब थांबला आणि त्याच्या ड्रायव्हरनं बिरुदेवच्या आईची चौकशी केली. कुणाला लागलं नाही. मेंढे एकमेकांवर पडून उठले.

केराबाई खाली उतरल्या. पदर सारखा केला आणि मागे चालत गेल्या. चिखलात चाकांच्या दोन रेघा उमटल्या होत्या, नागमोडी, जशा त्या चित्रात होत्या तशाच. चित्र काढणाऱ्यानं ते इथे उभं राहून काढलं असावं इतक्या सारख्या. त्या परत आल्या, दार उघडून आत वाकल्या. इंजिन चालू होतं. एकही दिवा लागलेला नव्हता. मग त्यांनी बिरुदेवचं तोंड हुंगलं. या खेपेला कांद्याचासुद्धा वास आला नाही.

पुढचं तर्कशास्त्र कुठल्याही न्यायालयात टिकलं असतं. गाडी वाकडी गेली हे डोळ्यांनी बघितलं. चालवणारा शुद्धीत आहे हे नाकानं बघितलं. आणि दिवा गप्प आहे.

"दिव्याला काय केलंस?"

"इरेशनं इजवला."

"कुनी सांगितलं त्याला?"

"मीच."

त्यानंतर सोलापूर येईपर्यंत केराबाई एक शब्द बोलल्या नाहीत. गाडी हळू घे नाही, पुढचा बघ नाही, क्लच सोड नाही. बिरुदेव नंतर म्हणाला की टँकरपेक्षा त्याला याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं विरेशच्या शेडवर हजर झाले. सोनालीनं कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. रात्री तिला सगळं कळलं होतं आणि तेव्हापासून ती बिरुदेवशी बोलत नव्हती. केराबाई स्टुलावर बसल्या.

"माजा दिवा लाव," त्या म्हणाल्या.

विरेशनं आजवर असंख्य दिवे विझवले होते. लावून द्या म्हणणारं गिऱ्हाईक त्याच्या शेडमध्ये पहिल्यांदाच आलं होतं. अक्का, लावला की परत काळजी सुरू होईल, असं त्यानं समजावून बघितलं.

"काळजी माजी हाय. तू का घरी न्हेऊन ठेवलीस?"

विरेशनं तारा जागेवर जोडल्या. इंजिन सुरू केलं, तिन्ही दिवे लागून राहिले. केराबाईंनी समाधानानं मान हलवली आणि आता हे काय म्हणतात ते शोध, असं फर्मावलं. दिवा लावला तर दोष काढावा लागतो, हे विरेशच्या धंद्याला परवडणारं नव्हतं. पण केराबाई उठत नव्हत्या आणि शेडमध्ये स्टूल एकच होतं.

विरेशच्या मशीननंही सांगितलं तेच, मागचं डावं चाक. विरेशनं गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि खाली सरकला. सेन्सरच्या तारेचा प्लग चॅसीला अडकवलेला होता. तो ओढून उघडला तर आतल्या पितळी टोकांवर हिरवी भुकटी साचलेली. वर बघितलं तर हौद्याच्या तळाला बरोबर तिथेच पाणी निघून जायचं भोक. रस्त्याला उतार नेहमी डाव्या कडेकडे असतो, म्हणून हौद्यातलं सगळं ओघळून याच बाजूला येत होतं. मग त्यानं दातेरी कडं तपासलं. निम्मे दाते खाऊन बारीक झाले होते. सेन्सर नवा असून उपयोग काय, मोजायला दातेच उरले नव्हते. नवा होता तोवर उरलेले दाते त्यानं कसेबसे मोजले, पुढे तेही झिजले आणि प्लगही सडला. मुख्य युनिट ठणठणीत होतं.

विरेश बाहेर आला, हात पुसले आणि निदान सांगितलं. मेंढरांचं मूत. जनावरं नेणाऱ्या सगळ्या गाड्यांत हेच होतं, लोखंड खाऊन टाकतं. यात कुणाची चूक नाही.

शेडमध्ये सगळ्यांना हलकं वाटलं. बिरुदेव सुटला होता, तो पीत नव्हता हे चाकानं सिद्ध केलं होतं. विरेशचं काम संपलं होतं. दोष मेंढरांवर गेला होता आणि मेंढरं तक्रार करत नाहीत. एवढ्यावर सगळे चहा पिऊन घरी गेले असते.

केराबाई स्टुलावरून उठल्या, चाकाशी उकिडव्या बसल्या. प्लगमधली हिरवी भुकटी त्यांनी बोटावर घेतली, चोळली. कड्याच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. काळ्या लोखंडावर जिथे तिथे तांबूस थर चढला होता, जुन्या घंगाळाला असतो तसा. त्यांच्या अंगठ्याच्या नखाची कड हिरवट निळी होती. ती कायमच तशी असते. ते नख आणि ती भुकटी त्यांनी शेजारी धरून बघितली.

"मेंढी हिरवं मुतत न्हाय," त्या म्हणाल्या.

नणंदेच्या पोराला दारुड्या ठरवताना त्यांना काही वाटलं नव्हतं. मेंढरांवरचा खोटा आळ मात्र त्यांना सहन होण्यासारखा नव्हता.

विरेशनं विचारलं, मग हे काय.

"मोरचूद हाय. माजं हाय."

विरेशला कळेना. सोनालीनं त्याला हौद्यातल्या बादलीचा सगळा प्रकार सांगितला. मग ती आईशेजारी वाकून त्या तांबूस कड्याकडे बघत म्हणाली, "दहावीला बाईंनी मोरचुदाच्या पान्यात खिळा बुडवून दाखवला होता. लोखंड खातं आणि वर तांबं चढवतं. आपन गाडी बुडवली."

"मेंढरू लंगडलं का पन एक तरी?" केराबाई म्हणाल्या.

कडं भंगार बाजारात मिळालं, तशाच एका अपघातातल्या गाडीचं. विरेशनं प्लगची टोकं नवी घातली, तार वरच्या अंगाला नेऊन बांधली, हौद्याचं डावं भोक बुजवलं. हे चालू असताना बिरुदेवनं तोंड उघडलं. इतके दिवस मी सांगत होतो की मी पीत नाही, असं तो म्हणाला.

"आनि दिवा इजवून मला फसवलंस ते?" केराबाई म्हणाल्या.

"तुमी मला गावभर दारुड्या केलंत, मामी."

केराबाईंनी विचार केला. दोन्ही बाजूंना माल साधारण सारखाच होता.

"मग फिटलं," त्या म्हणाल्या.

"माजं फिटलं न्हाय," सोनाली म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती बिरुदेवकडे बघत होती. "आईला फसवलंस, ते तुमचं तुमी बगा. मी मोहोळला त्याच गाडीत बसून गेले. काय झालंय म्हनून तुला इचारलं. तू म्हनलास बारीकसं होतं."

बिरुदेवकडे बडीशेपेचं स्पष्टीकरण होतं, सेन्सरचं होतं, टँकरचंही होतं. याचं नव्हतं. तो चुकलं म्हणाला. ते पुरेसं नाही हे त्यालाही दिसत होतं, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाला नाही. विरेशनं डोकं चाकाच्या खोबणीत घातलं आणि आधीच घट्ट असलेला बोल्ट पुन्हा आवळायला घेतला. सुपारी अडवणारी माणसं आता बदलली होती, हे केराबाईंच्याही लक्षात आलं.

"पुन्यांदा गाडीत काय बी लागलं," सोनाली शेवटी म्हणाली, "लाल, पिवळं, काय बी. तर पयल्यांदा मला सांगायचं. आईला मागनं. आनि इरेशला कदीच न्हाय."

"व्हय."

"आनि मेंढराचे पाय वाडग्यात धुवायचे. धरनार तू."

हे शेवटचं कलम केराबाईंना इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे वाडग्यात पाय बुडवायची सिमेंटची पन्हाळ कुठे बांधायची ते ठरवून टाकलं.

चाक चढलं. बिरुदेव चालवायला बसला, केराबाई डावीकडे मांडी घालून, सोनाली मागे. चावी फिरवली, तिन्ही दिवे लागले. इंजिन सुरू झालं. लाल विझला. दोन पिवळे राहिले. विरेशनं खिडकीतून हात करून गाडी पुढे घ्यायला सांगितली. चाकं फिरल्याशिवाय दाते मोजले जात नाहीत. गाडी शेडमधून निघून रस्त्याला लागली, थोडा वेग आला, आणि अक्षरांचा दिवा गेला. मग नागमोडी गाडीचाही गेला. बिरुदेवनं रिकामा रस्ता बघून दोन वेळा कचकून ब्रेक लावून बघितला. गाडी सरळ उभी राहिली. डॅशबोर्डवर काळोख होता.

केराबाईंनी कमरेची पिशवी काढून त्यातला फोन बाहेर घेतला आणि केमला लावला. कानाला न लावता समोर धरून बोलायची त्यांची रीत असल्यामुळे पलीकडचंही सगळ्यांना ऐकू येतं.

"वन्सं, सुपारी घिऊन या. उशीर नगं आता."

बजाबाईचा आवाज आधी आनंदला, मग खाली आला. तिनं विचारलं की पोरानं खरंच सोडलीय ना, का तुम्ही माझ्यासाठी झाकून घेताय.

"झाकायचं काय त्यात," केराबाई म्हणाल्या. "दिवा इजलाय. प्यायला असता तर लागला असता."

बिरुदेवनं आरशातून मागे बघितलं. सेन्सर, दाते, चारही चाकांची मोजणी, सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. सोनालीनं आरशातच मान हलवली, राहू दे. त्या दिव्याचा खरा अर्थ तिला पुरता कळला होता. पण आईचा अर्थ लग्नानंतर नवऱ्याला धाकात ठेवायला उपयोगी पडण्यासारखा होता.